जुन्या वाड्याचं कागदी मॉडेल घरच्या घरी: पहिल्या फोटोपासून शेवटच्या कौलापर्यंत

२०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली त्या वर्षी आमच्या घरी मखराचा प्रश्न पडला. तोवर दरवर्षी तयार मखर आणायचं आणि विसर्जनानंतर माळ्यावर टाकायचं एवढंच माहीत. मी हौसेने कार्डशीट आणली आणि पुण्याच्या विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू करायला घेतली. दोन रात्री जागून झाली, नातेवाइकांनी फोटो काढले, कौतुक केलं, आणि गौरी जेवायच्या दिवशी ऐन आरतीत वरचा सज्जा हळूहळू खाली वाकायला लागला, म्हणजे अक्षरशः सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि मी टाळ्या वाजवत नुसती बघत उभी. भाद्रपदातली दमट हवा, शेजारी समई, आणि आत आधाराची एकही पट्टी नाही, दुसरं काय होणार.

त्यानंतर मात्र नाद लागला. आता घरात सात-आठ मॉडेल्स आहेत, त्यातली चार बघण्यासारखी आहेत. ओळखीतले लोक विचारतात कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी वास्तू कुठली घ्यायची ते ठरवा

ताजमहाल, आयफेल टॉवर वगैरेंचे तयार कागदी नमुने नेटवर फुकट मिळतात, कॅननच्या क्रिएटिव्ह पार्कवर तर जगभरच्या इमारती आहेत, प्रिंट काढा, कापा, चिकटवा. हात बसवायला असं एखादं करायला हरकत नाही. पण तुमच्या पेठेतला वाडा, गावची वेस, शाळेची कौलारू इमारत, गिरगावातली चाळ यांचं टेम्प्लेट कुणी करून ठेवलेलं नसतं, ते आपल्यालाच बनवावं लागतं, आणि खरं सांगू का, या छंदातली निम्मी मजा तिथेच आहे. ज्या वाड्यासमोरून वीस वर्षं जा-ये केली त्याला खिडक्या किती हे मला मॉडेल करेपर्यंत माहीत नव्हतं.

पहिल्यांदा करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे एकदम मोठ्याला हात घालणं. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे, १:१०० स्केलने केला तर ८५ सेंटिमीटरचा होईल, तो ठेवणार कुठे? आणि त्यावरची गॉथिक नक्षी कापताना बोटांचं काय होईल ते वेगळंच. पहिलं मॉडेल सपाट तोंडाचं घ्या, रस्त्याला लागून असलेलं, ज्याची एकच बाजू नीट दिसते असं. विश्रामबागवाडा त्यासाठी मस्त आहे. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा, थोरले बाजीराव रोडवर अगदी रस्त्यावर तोंड करून उभा. सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब, वर पुढे आलेला सज्जा, एवढं जमलं की दहा फुटांवरूनही पुणेकर ओळखतो. १८७९ च्या आगीत त्याचा पूर्वेकडचा भाग जळला होता, नंतर परत बांधला, म्हणजे मूळचं काय आणि नंतरचं काय हे शोधत बसायचा नाद असेल तर तेही आहे.

खाली उदाहरणं मी याच वाड्याची देते, तुम्ही तुमच्या गावचा घ्या.

सामान

फार काही लागत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका फेरीत सगळं मिळतं, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट आहेच. कागद तीन जातीचे घ्या, जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा जितका मोठा तितका कागद जाड. साधा झेरॉक्सचा ७०-८० जीएसएम, खांब वळायला आणि ट्रायलसाठी. कार्डशीट १८० ते २२० जीएसएम, मुख्य भिंतींसाठी. आणि दीड-दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, म्हणजे वह्यांच्या पुठ्ठ्यात असतो तो, आतल्या आधाराला. दुकानात जीएसएम म्हटलं की काही जण नुसतेच बघत राहतात, तेव्हा सरळ 'लग्नपत्रिकेपेक्षा थोडा पातळ' म्हणा, बरोबर काढून देतात.

कटर ९ मिलिमीटरचा बारीकवाला, स्टीलची पट्टी (प्लॅस्टिकची नको, पहिल्याच दिवशी तासली जाते), कटिंग मॅट, टूथपिक, कपडे वाळत घालायचे चिमटे, एक टोकदार चिमटा, आणि संपलेली बॉलपेनची रिफिल. रिफिल फेकू नका, सगळ्यात जास्त तीच वापरली जाते. यात मॅट तेवढी महाग. पण जुन्या कॅलेंडरच्या गठ्ठ्यावर कापून कापून मी डायनिंग टेबलवर ज्या रेघा पाडल्यात त्या बघता ती आधीच घ्यायला हवी होती.

ब्लेडच्या बाबतीत चिंधीगिरी करू नका. कागद कापायला सोपा वाटतो पण ब्लेड फार लवकर बोथट करतो, आणि बोथट ब्लेडने कापलं की कडेला तूस निघतं. मी एका मॉडेलला आठ-दहा तुकडे मोडते. मोडलेले तुकडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकायचे, कचऱ्यात सुटे नाही, कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार करा.

गोंद पांढरा फेव्हिकॉलच, पण बाटलीतून थेट ओतायचा नाही. झाकणात थोडा काढून दहा मिनिटं उघडा ठेवायचा म्हणजे दाटसर होतो, मग टूथपिकने अगदी पातळ लावायचा. गोंदातलं पाणी कागदाला फुगवतं, म्हणून जेवढा कमी तेवढं चांगलं. मोठा सपाट भाग पुठ्ठ्यावर चिकटवायचा असेल तर ग्लू स्टिक बरी. झटपट चिकटणारा सुपरग्लू शक्यतो टाळा, कागद तो शोषून घेतो आणि काळपट डाग राहतो.

बघणे, मोजणे, फोटो काढणे

याला घाई करू नका, इथे चुकलं की पुढे सगळं वाकडंच.

रविवारी सकाळी साडेसहा-सातला जा. गर्दी नाही, समोर टू-व्हीलरची रांग नाही, कडक ऊन नाही. ढगाळ दिवस असेल तर उत्तम कारण सावल्या पडत नाहीत. डागडुजी चालू आहे का तेही आधी बघून या, मी एकदा गेले तर एका वास्तूला पूर्ण परांची बांधलेली, चहा पिऊन परत आले. आत जायचं असेल तर रखवालदाराला विचारून जा, नीट सांगितलं की बहुतेक वेळा तेच उत्साहाने दाखवतात. ट्रायपॉड लावायचा झाला तर मात्र संरक्षित वास्तूत आधी परवानगी काढा.

फोटो समोरून, भिंतीला अगदी काटकोनात उभं राहून. जवळून मोबाईल वर करून काढला तर इमारत वर निमुळती होत जाते, म्हणून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा आणि झूम करा. रस्ता अरुंद असेल तर समोरच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यातून काढा, पाच मिनिटं उभं राहू द्या म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. एक पूर्ण फोटो, मग प्रत्येक खणाचा, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचा वेगळा, मग खांबाखालची दगडी उथळी, महिरप, सज्जाचे ब्रॅकेट, छपराची कड यांचे जवळून. मला वाटतं मी एका वाड्याचे दीडशे तरी फोटो काढते आणि घरी आल्यावर नेमका पाहिजे तोच नसतो.

आता माप. लेसरचं मीटर असेल तर प्रश्नच नाही, पण नसलं तरी अडत नाही. मैत्रिणीला भिंतीला अगदी चिकटून उभं करा, भिंतीपुढे दोन फूट नाही, चिकटून. तिची उंची माहीत आहे, समजा १६८ सेंटिमीटर. घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडल्यावर ती ८४ पिक्सेल उंच दिसली, म्हणजे एक पिक्सेल दोन सेंटिमीटरचा. मग दरवाजा, खिडकी, खांब, सज्जा, सगळं पिक्सेलमध्ये मोजायचं आणि दोनने गुणायचं. भिंत ३१० पिक्सेल भरली तर ६२० सेंटिमीटर, बस. खात्रीसाठी हाताला येणारी दोन-तीन मापं टेपने घ्या, दाराची रुंदी, दोन खांबांमधलं अंतर वगैरे, आणि पिक्सेलवाल्या मापाशी ताडून बघा. पाच टक्क्यांचा फरक आला तर चालतंय, कुणी पट्टी घेऊन येणार नाहीये.

वास्तू पडून गेली असेल तर? तरीही जमतं. आमच्या सासरचा कसब्यातला वाडा पाडून तिथे कधीच सहा मजली बिल्डिंग झाली, प्लॅन वगैरे काही हाताशी नाही. पण नणंदेच्या लग्नाचा अल्बम होता. वऱ्हाड दारात उभं असलेला एक फोटो, त्यात आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. आत्यांची उंची घरात सगळ्यांना पाठ आहे, पाच फूट एक इंच, कारण त्यावरून त्यांचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. त्या एका मापावरून दरवाजा, दरवाज्यावरून ओसरी, ओसरीवरून माडी असा सगळा वाडा बाहेर काढला. जुने अल्बम बघताना माणसांच्या मागे बघायला शिका, मुंजीच्या आणि बारशाच्या फोटोंत कुठल्याही सरकारी नकाशापेक्षा जास्त माल असतो.

स्केल

सुरुवातीला १:१०० घ्या, गणित तोंडी होतं, एक मीटरचा एक सेंटिमीटर. माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा, दार अडीच-तीनचं. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर, प्रिंटरच्या मार्जिन सोडून आडव्यावर साधारण २८ मिळतात, म्हणजे २८ मीटरची भिंत एका कागदावर. त्याहून लांब असेल तर दोन कागद जोडा आणि जोड खांबाच्या मागे येईल असा पाडा, खांब चिकटला की जोड गायब. काही लोक आगगाडीच्या मॉडेलबरोबर ठेवायला १:८७ किंवा १:१६० घेतात, ते ज्याचं त्याचं. एका मॉडेलमध्ये दोन स्केल मात्र मिसळू नका, मी एकदा झाडं दुसऱ्या स्केलची लावली तर वाडा कोंबडीच्या खुराड्यासारखा दिसायला लागला.

नकाशा काढणे

दोन रस्ते आहेत. पहिला, पेन्सिल-पट्टी-गुण्या घेऊन सरळ कार्डशीटवर काढणे. मला तोच आवडतो. दुसरा, फोटो गिंपमध्ये घेऊन पर्स्पेक्टिव्हच्या टूलने चारही कोपरे सरळ करायचे, मग इंकस्केपमध्ये त्यावर रेघा मारायच्या. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. तेही जमत नसेल तर पॉवरपॉइंटमध्ये चौकोन काढून त्याला सेंटिमीटरमध्ये साइज द्या, झालं की. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर येत असेल तर त्यात मॉडेल उलगडून कागदावर काढून देणारं अॅड-ऑन आहे, पण एका वाड्यासाठी ब्लेंडर शिकणं म्हणजे मिसळ खायला कोल्हापूरला चालत जाणं.

प्रिंट देताना 'फिट टू पेज' बंद करा, १०० टक्के किंवा अॅक्चुअल साइज ठेवा. कागदाच्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटरची एक रेघ मुद्दाम काढून ठेवा आणि प्रिंट आल्यावर ती पट्टीने मोजा. पाचची चार पॉइंट आठ झाली असेल तर सगळं परत.

चिकटवायचे कान, म्हणजे दुमडून गोंद लावायच्या पट्ट्या, विसरू नका. प्रत्येक जोडाला एकाच बाजूला कान, पाच-सहा मिलिमीटर रुंद, टोकं तिरकी कापलेली. दोन्ही बाजूंना कान काढले की जोड फुगतो, एकीकडेही नाही काढला तर रडायची वेळ येते. दोन्ही केलंय.

फोटोच प्रिंट करून चिकटवू का असं सगळे विचारतात. करू शकता, पण त्यात वायरी, पाट्या, पानाच्या पिचकाऱ्या सगळं येतं, आणि फोटोतली सावली मॉडेलवर खोटी दिसते कारण तुमच्या खोलीतला दिवा दुसरीकडे असतो. मी रंग हाताने देते, पोस्टर कलर भरपूर पातळ करून. खऱ्या रंगापेक्षा दोन घरं फिका ठेवा, छोट्या वस्तूवर गडद रंग खेळण्यासारखा दिसतो. इंकजेटवर छापलं असेल तर ओल्या गोंदाने शाई पसरू शकते, एका तुकड्यावर आधी ट्राय करा. लेसर प्रिंट पसरत नाही पण घडीवर टोनर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते, तिथे नंतर रंगाचा हात मारा.

कापणे आणि घडी

कागदाला नार असते, लाकडाला असते तशी. कागद हातात धरून हलकेच वाकवून बघा, एका दिशेने पटकन वाकतो, दुसरीकडे अडतो. पटकन वाकतो त्या दिशेने घडी सरळ येते आणि नळकांडं गोल होतं. हे कुणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात माझे खांब चपटे का येतात.

आधी आतल्या खिडक्या-दारं कापा, मग बाहेरची कड. उलट केलं तर कागद हातात धरवत नाही आणि कोपरा फाटतो. खिडकी कापताना कोपऱ्यातून सुरू करून मधल्या बाजूला या, कोपऱ्यापर्यंत दामटून नेऊ नका, नाहीतर रेघ पुढे निसटते. एका दमात कापायचं नाही, हलक्या हाताने दोन-तीन वेळा. गोल कापताना कटर स्थिर आणि कागद फिरवायचा. घडीच्या रेघेवर आधी पट्टी लावून रिकामी रिफिल दाबून ओढा, मग घडी घाला, ती आपोआप काटकोनात येते. जाड शीट असेल तर घडीच्या बाहेरच्या बाजूने ब्लेडची अगदी हलकी रेघ मारा, आरपार नाही.

कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात. चिकटवण्याआधी त्याच रंगाच्या स्केचपेनने किंवा ओल्या रंगपेन्सिलने कडा रंगवून घ्या. या एका गोष्टीने शाळेतला प्रोजेक्ट आणि मॉडेल यातला फरक पडतो.

वाड्याचं तोंड

जुन्या वाड्याची भिंत दोन-अडीच फूट जाड असते. कार्डशीटला खिडकी कापून मागे काच म्हणून कागद लावला की ती खिडकी फ्लॅटची दिसते, वाड्याची नाही. म्हणून प्रत्येक खिडकी-दाराच्या मागून चारही बाजूंनी सहा-सात मिलिमीटर रुंदीची पट्टी उभी चिकटवा, म्हणजे चौकटीला खोली येईल, आणि खिडकीचे गज, झडपा त्या पट्टीच्या मागच्या कडेला. वेळ जातो, कंटाळा येतो, पण दिव्याखाली ठेवल्यावर खिडकीत जो अंधार साठतो ना, तिथे वाडा वाटायला लागतो.

मग खांब. सुरूचा खांब खाली फुगीर आणि वर निमुळता होत जातो, सुरूच्या झाडासारखा म्हणून तर ते नाव. मी आधी सरळ नळ्या करत होते, ते पाण्याचे पाइप वाटायचे. मग मुलीच्या कागदी मण्यांच्या माळेवरून युक्ती सुचली. साध्या झेरॉक्स कागदाचा काटकोन त्रिकोण कापा, उभी बाजू तीन सेंटिमीटर म्हणजे खांबाच्या उंचीएवढी, आडवी बाजू बारा सेंटिमीटर. उभ्या बाजूकडून टूथपिकवर गुंडाळायला सुरुवात करा, खालची कड सतत एका रेषेत ठेवा. तिरकी बाजू वरून खाली उतरत येते, त्यामुळे वर कागदाचे वेढे कमी आणि खाली जास्त. खाली चार-साडेचार मिलिमीटर जाड, वर टूथपिकएवढा. शेवटच्या टोकाला गोंदाचा एक ठिपका. वेढ्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात त्यावर रंगाचे दोन पातळ हात दिले की बुजतात. जाडी कमी-जास्त हवी असेल तर फक्त बारा सेंटिमीटरचं माप बदला. पाहिजेत त्यापेक्षा चार खांब जास्त करा आणि त्यातले सगळ्यात सारखे दिसणारे निवडा.

खांबाखाली दगडी उथळी म्हणून पुठ्ठ्याचा छोटा चौकोन. वर महिरप, म्हणजे पाकळ्यापाकळ्यांची कमान. ती कटरने कापायला गेलात तर डोळे जातील, त्यासाठी चामड्याला भोकं पाडायचा फिरता पंच मिळतो, दोन-तीन मिलिमीटरच्या भोकांचा. कमानीच्या कडेने ओळीने भोकं पाडा आणि मग भोकांच्या मधून कापा, अर्धगोल पाकळ्या तयार. एकाच महिरपीचा नमुना जाड शीटवर करून बाकीच्या त्यावरून काढा. केळफुलं आणि वेलबुट्टी १:१०० ला कापून होत नाहीत, त्याचा हट्ट सोडा. मी दाट केलेल्या फेव्हिकॉलचा थेंब टूथपिकने लावते, वाळला की लोंबत्या केळफुलासारखा दिसतो, त्यावर सागवानी रंग.

सज्जा, जो आमचा आरतीत वाकला. सज्जाची फळी कधीही नुसत्या कार्डशीटची करू नका, खाली ग्रे बोर्ड. आणि ती भिंतीला कानाने चिकटवायची नाही, भिंतीला फट पाडून आरपार मागे न्यायची आणि मागून पुठ्ठ्याच्या त्रिकोणी आधाराला चिकटवायची. खऱ्या वाड्यातही तुळई भिंतीत आत गेलेलीच असते, बाहेरून टेकवलेली नसते, त्या सुतारांना हे आपल्याआधी कळलं होतं.

छप्पर. मोबाईल किंवा चार्जर येतो त्या छोट्या खोक्याचा पुठ्ठा बघा, कधीकधी त्यात अगदी बारीक नाळ्या असतात, वरचा कागद ओला करून सोलला की कौलांचं छप्पर तयार. मोठ्या खोक्याच्या नाळ्या या स्केलला फार मोठ्या होतात. नाही मिळाला तर कार्डशीटवर अडीच-अडीच मिलिमीटरवर रिफिलने रेघा दाबा. आणि एक, पेशवाईतल्या वाड्याला मंगलोरी कौलं दाखवू नका हो. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, आपल्याकडे ती त्यानंतर आली. त्याआधी हाताने केलेली नळीची कौलं. आज वाड्यावर मंगलोरी दिसत असतील आणि तुम्ही आजचा वाडा करताय तर ठीक आहे, पण मग दारात पालखी ठेवू नका, टू-व्हीलर ठेवा.

मागची बाजू खोक्यासारखी साधी ठेवा. आत दर सात-आठ सेंटिमीटरवर पुठ्ठ्याची आडवी भिंत घाला, खाली जाड पाट. आधी सगळं गोंद न लावता जुळवून बघायचं, मग चिकटवायचं, आणि चिमटे लावून रात्रभर सोडून द्यायचं. रात्री साडेअकराला 'एवढं एकच' म्हणून जे चिकटवतो ते सकाळी तिरकं निघतं.

हात बसल्यावर

दुसरं मॉडेल शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा करा. तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा, म्हणजे दोन पोत शिकायला मिळतात. बुरूज खाली रुंद असतात त्यामुळे साधं नळकांडं चालत नाही. समजा मॉडेलवर वर पाच आणि खाली सहा सेंटिमीटर व्यास पाहिजे, तर बारा पट्टे काढा, प्रत्येक वर १.३ आणि खाली १.६ सेंटिमीटर, एकमेकाला लावून, मधल्या रेघांवर घडी. दाराच्या प्रत्येक फळीवर ७२ खिळे आहेत, आठाच्या नऊ ओळी. मागून टाचणीने हलकं टोचलं की पुढे उंचवटा येतो. खाली जुनं टॉवेल घ्या, आणि मोजत टोचा, माझे एका फळीवर ७० झालेत आणि ते फक्त मलाच माहीत आहे, आता तुम्हालाही.

मंडई, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८८६ ला रे मार्केट म्हणून उघडली ती, त्याच्या नंतर. मधला मनोरा अष्टकोनी आहे. अष्टकोन काढायला समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर घ्या आणि ०.४१४ ने गुणा, ती एका बाजूची लांबी. अंतर आठ सेंटिमीटर असेल तर बाजू ३.३. वरच्या निमुळत्या छपराला आठ त्रिकोण, पण त्रिकोणाची उंची म्हणजे छपराची उभी उंची नाही, इथे सगळे फसतात. छप्पर दहा सेंटिमीटर उंच हवं असेल तर त्रिकोणाची उंची दहाचा वर्ग अधिक चारचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ १०.८. पायथागोरस दहावीनंतर मला इथेच भेटला. आठही त्रिकोण एकाच कागदात शेजारी शेजारी काढा, शेवटच्याला कान, आणि टोकाशी जोडताना एका वेळी एकच घडी.

पावसाळा आणि झुरळं

कागदाचे खरे शत्रू हे दोन. काम पूर्ण झाल्यावर मॅट लॅकरचा स्प्रे मारा, गच्चीत, लांबून, दोन-तीन पातळ हात, एकदम ओलं करायचं नाही. आधी रद्दी तुकड्यावर मारून रंग पसरत नाही ना बघा. जून ते सप्टेंबर मॉडेल बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, तिथे ओल उतरते. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नवीन बुटांच्या खोक्यातल्या जमवून ठेवते मी. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलं तर आत बुरशी धरते, त्यापेक्षा जुनी सुती साडी बरी.

गोंद म्हणून कणकेची खळ वापरत असाल तर झुरळं आणि कसर यांना आमंत्रणच आहे. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते त्यासाठीच, पण मोरचूद विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर त्या भानगडीत न पडता फेव्हिकॉलच वापरा.

आणि पूर्ण झालेलं मॉडेल घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा, रंग द्यायच्या आधी दाखवा, नंतर नाही. मी कसब्यातला वाडा सगळा रंगवून, लॅकर मारून सासऱ्यांपुढे नेला. त्यांनी चष्मा लावून पाच मिनिटं बघितला, मग मोठ्या दारातल्या छोट्या दारावर बोट ठेवून म्हणाले, दिंडी उजव्या फळीला होती गं, डावीकडे नाही, रात्री उशिरा आलो की मी तिथूनच वाकून आत यायचो. लग्नाच्या फोटोत दार सताड उघडं होतं, मला कसं कळणार. दार परत केलं.

आता ती फळी मी चिकटवलेली नाही, बिजागरीच्या जागी कागदाची घडी ठेवली आहे, दिंडी तेवढी उघडते.